ऑपरेशनच्या आधीचे तीन महिने

गौरी-गणपती जवळ आले की आमच्या माणगावच्या बाजारात मोदकाच्या साच्यांबरोबर आणखी एका वस्तूला मागणी येते, पण ती कोणी मोठ्याने मागत नाही. मेडिकलवाल्यापुढे चिठ्ठी सरकवली जाते, नाहीतर हळूच "ती गोळी द्या" म्हटलं जातं. पाळी पुढे ढकलायची गोळी! शाळेतला माझा एक मित्र मेडिकलमध्ये बसतो. तो म्हणतो, त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघताच पाकीट कागदात गुंडाळून देतो. सोवळं, नैवेद्य, घरात मुंबईची पाहुणेमंडळी, आणि तारीख नेमकी गौरीजेवणाची. गोळी घेतली, सण पार पडला, विषय संपला.

आज मात्र विषय तिथे संपवायचा नाहीये. कारण हीच गोळी आणि तिची काही बडी भावंडं, ज्या बायकांना पाळीत बेसुमार रक्त जातं त्यांना ऑपरेशनच्या आधी काही आठवडे दिली जातात. ऑपरेशनऐवजी नव्हे, ऑपरेशनच्या आधी. हे "आधी" प्रकरण मला फार रंजक वाटलं, म्हणून दोन-तीन वीकेंड त्याच्यामागे घालवले. (आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही, पोटासाठी कोड लिहितो. त्यामुळे हा इतिहास म्हणून वाचा, प्रिस्क्रिप्शन म्हणून नको.)

कंदातून आलेली गोळी

या गोळीतल्या औषधाचं नाव नॉरेथिस्टेरॉन. १९५१ च्या ऑक्टोबरात मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीत कार्ल जेरासी यांच्या हाताखाली काम करणाऱ्या लुईस मिरामोंतेस नावाच्या विद्यार्थ्याने ते पहिल्यांदा बनवलं. वय वर्षं २६! त्या वयात आपण टेस्टरशी "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणून भांडत असतो. कच्चा माल कुठला, तर मेक्सिकोच्या रानात उगवणारा एक कंद. आपल्या कोनफळाचा, कणगराचा लांबचा भाऊ. त्या कंदापासून प्रोजेस्टेरॉन स्वस्तात करता येतं हे रसेल मार्कर या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने त्याआधी दहाएक वर्षं दाखवून दिलं होतं.

गोळीचं तत्त्व सोपं आहे. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात इस्ट्रोजेन ते वाढवतं, दुसऱ्या अर्ध्यात प्रोजेस्टेरॉन ते सांभाळून धरतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि अस्तर पडतं, तीच पाळी. प्रोजेस्टेरॉनसारखं काहीतरी बाहेरून देत राहिलं तर शरीराला वाटतं की अजून वेळ झालेली नाही. म्हणून गौरी निभावतात. आणि हेच औषध आठवडेच्या आठवडे सलग चालू ठेवलं तर अस्तर हळूहळू विरत जातं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अंगावर जाणं

आपल्याकडे या दुखण्याला धड नाव नाही. "तिला फार जातं", "अंगावर जातंय" एवढंच. किती गेलं म्हणजे फार? १९६६ मध्ये स्वीडनमध्ये हॉलबर्ग आणि मंडळींनी चक्क मोजून काढलं. साधारण पाळीत ३०-४० मिली रक्त जातं, ८० मिलीच्या वर गेलं की बाईच्या अंगातलं लोह कमी पडू लागतं. पुढे डॉक्टरांच्याही लक्षात आलं की रोज मोजमाप घेऊन कोण बसणार, आणि जिला त्रास होतोय तिचं म्हणणं हाच मोठा पुरावा. २०११ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या जागतिक संघटनेने कारणांची नऊ कप्प्यांची यादी केली. त्यातले पहिले चार कप्पे डोळ्यांना किंवा सोनोग्राफीत दिसणारे (गाठी, फायब्रॉइड, कॅन्सर वगैरे) आणि बाकीचे न दिसणारे (हार्मोन, रक्त न गोठण्याचे आजार इत्यादी). म्हणजे "पाळीचा त्रास" हा एक आजार नसून नऊ वेगवेगळ्या कारणांवर चिकटवलेलं एकच लेबल आहे. एरर मेसेज एक, बग नऊ.

हे सगळं बाई बोलली तर. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर सार्वजनिक आरोग्यात ग्रामीण बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समीकरण होतं. पहिलं बाळ येण्याआधी आणि शेवटचं झाल्यानंतरही तिला शरीर असतं, हे जगाला महाराष्ट्रातल्या दोन खेड्यांनी सांगितलं.

काढून टाका!

इलाज म्हणून काय होतं? दीडशे वर्षं मुख्य उत्तर एकच, पिशवी काढा. पोट उघडून गर्भाशय काढण्याचा प्रयत्न इंग्लंडात मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी १८४३ मध्ये केला, ती बाई वाचली नाही. १८५३ मध्ये अमेरिकेत बर्नहॅम यांची पेशंट वाचली. पुढे भूल, निर्जंतुकीकरण, रक्त भरणं आणि अँटिबायोटिक्स आली आणि विसाव्या शतकात हे ऑपरेशन रोजचं झालं. इतकं रोजचं की आपल्याकडे "पिशवी काढली" हे "दाढ काढली"च्या चालीवर म्हटलं जातं.

पण शल्यकर्माचा जुना शहाणपणा वेगळं सांगत होता. सुश्रुतसंहितेत कर्माचे तीन भाग सांगितले आहेत. पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. म्हणजे चिरफाड हा मधला भाग, तिच्या आधीची तयारी हा स्वतंत्र भाग. आधुनिक वैद्यकात पूर्वकर्माचं गाजलेलं उदाहरण गलगंडाचं आहे. थायरॉइड बेफाम झालेल्या रोग्यांना ऑपरेशन सोसवत नसे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी ऑपरेशनच्या आधी काही दिवस आयोडीन द्यायला सुरुवात केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. आयोडीनने तो आजार कायमचा बरा होत नाही. ते फक्त काही दिवसांची शांतता विकत घेतं, आणि त्या शांततेत सर्जन आपलं काम उरकतो. मला वाटतं, ऑपरेशनपूर्व औषधांचं सगळं तत्त्वज्ञान या एका उदाहरणात आलं.

पाळीच्या बाबतीत अशी शांतता विकत घ्यायची तर थेट मेंदूशी बोलावं लागणार होतं.

डुकरांचे मेंदू आणि एक पिंग

अंडाशयाला हुकूम देते पिट्युटरी, आणि पिट्युटरीला हुकूम देतो मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस. हा हुकूम ज्या रसायनातून जातो ते शोधण्यासाठी अमेरिकेत अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ यांच्यात वर्षानुवर्षं जीवघेणी स्पर्धा चालली. एके काळी दोघं एकाच ठिकाणी काम करायचे, मग फाटलं. गिलमाँ मेंढ्यांचे मेंदू गोळा करायचे, शॅली डुकरांचे. १९७१ मध्ये शॅलींच्या गटाने सुमारे १,६०,००० डुकरांच्या हायपोथॅलॅमसमधून मिलिग्रॅमच्याही आतलं शुद्ध द्रव्य काढलं आणि त्याची रचना जाहीर केली. अवघ्या १० अमिनो आम्लांची साखळी, नाव जीएनआरएच. १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, तेही एकत्र! (तिसरी वाटेकरी रोझलिन यॅलो. रक्तातले इतके सूक्ष्म हार्मोन मोजायची पद्धत तिची.)

आता खरी गंमत. पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेत ज्या माकडिणींचा हा हुकूम बंद पाडला होता, त्यांना बाहेरून जीएनआरएच दिलं. सलग दिलं तर पिट्युटरी गप्प. मग तेच औषध दर तासाला फक्त सहा मिनिटं दिलं, आणि पिट्युटरी कामाला लागली! हे १९७८ मध्ये छापून आलं. म्हणजे संदेश रसायनात जेवढा आहे तेवढाच तो तालात आहे. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर सर्व्हरला ठरावीक वेळाने पिंग आला की तो उत्तर देतो, पिंगांचा पूर आणला की तो कान बंद करतो.

मग शास्त्रज्ञांनी हा पूर मुद्दाम आणायचं ठरवलं. मूळ रेणू शरीरात काही मिनिटांतच तुटतो. साखळीतली सहावी कडी बदलली की तो टिकाऊ होतो आणि जास्त जोरकसही. अशा रेणूंपैकी ल्युप्रोलाइडला अमेरिकेत १९८५ मध्ये परवानगी मिळाली, ती पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी! तिथे टेस्टोस्टेरॉन बंद करायचं होतं. बायकांमध्ये हेच इंजेक्शन इस्ट्रोजेन बंद करतं. महिन्यातून एकदा टोचलं की पहिले काही दिवस उलट जोर वाढतो (रक्तस्रावही वाढू शकतो), मग अंडाशय झोपतं. पाळी थांबते, अस्तर पातळ होतं आणि फायब्रॉइडच्या गाठी आकसतात. १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला नेमकं हे काम अधिकृतपणे मिळालं. फायब्रॉइडमुळे रक्त कमी झालेल्या बाईला ऑपरेशनच्या आधी, लोहाच्या जोडीने, जास्तीत जास्त तीन महिने.

हौद आणि गळती

तीनच महिने का? हिशोब करून बघू. समजा हिमोग्लोबिन ७ आहे आणि हवं आहे १२. तूट ५ ची. रक्ताच्या एका बाटलीने ते अंदाजे १ ने वाढतं, म्हणजे पाच बाटल्या. लोहाच्या गोळ्यांनी तेवढीच वाढ व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणजे पाचासाठी दहा ते पंधरा आठवडे. तीन महिन्यांच्या आसपास आलो की नाही? पण अट एकच, मधल्या काळात गळती बंद हवी. प्रत्येक मिली रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. नळाने हौद भरायचा आणि खालची तोटी उघडी, मग भरणार कसा? इंजेक्शन ती तोटी बंद करतं. पाणी भरायचं काम लोहाचंच.

हा हिशोब मी आत्यामुळे शिकलो. माणगावजवळच्या आमच्या गावात ती राहते, वय ४४. दीड वर्षं तिला पंधरा-पंधरा दिवस जात होतं आणि ती "होतं या वयात" म्हणून भात लावत होती. काळ नदीवरून घरी येताना चढणीवर दम लागायला लागला तेव्हा कुठे बोलली. हिमोग्लोबिन ७.२, पिशवीत मोठा फायब्रॉइड. पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद बघून पाच मिनिटांत सांगितलं, "पिशवी काढून टाकू. दोन बाटल्यांची सोय करा आणि सोमवारी या." प्रश्न विचारायला जागाच ठेवली नाही. दुसऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी आधी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर नाही याची खात्री केली, आणि मग म्हणाल्या, "ऑपरेशन लागेल बहुतेक. पण घाई नाही. आधी तुम्हाला माणसात आणू."

तीन महिने, तीन इंजेक्शनं. प्रत्येकाला काही हजार रुपये. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर, आणि त्यावर चहा नाही (आत्याच्या मते सगळ्यात मोठी शिक्षा हीच!). दुसऱ्या महिन्यात ऐन थंडीत ती पदराने वारा घेत बसायची. इस्ट्रोजेन बंद झालं की म्हातारपणाची सगळी लक्षणं आधीच हजेरी लावतात. हाडंही झिजू लागतात, म्हणून हे औषध एकटं फार काळ चालवत नाहीत. पण पाळी थांबली. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.९ होतं आणि गाठ पुष्कळ लहान झालेली. ऑपरेशन झालं, उभ्या छेदाऐवजी खालच्या बाजूला आडव्या छोट्या छेदातून. बाहेरची बाटली एकही लागली नाही.

एका आत्यावरून शास्त्र ठरत नाही, हे मान्य. म्हणून आकडे. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात अशा ३८ चाचण्या आणि ३,६२३ बायकांचा हिशोब एकत्र केला आहे. ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन वाढतं, गर्भाशय आणि गाठी लहान होतात, ऑपरेशन सोपं होतं आणि उभे छेद कमी लागतात, असा त्याचा सूर आहे. किंमत म्हणजे अंगातून वाफा, आणि गाठ मऊ पडल्यामुळे नुसती गाठ सोलून काढताना कधीकधी होणारी अडचण. शिवाय औषध बंद करून ऑपरेशन टाळलं तर गाठ पुन्हा वाढते. म्हणजे ही उसनवारी आहे. मुदतीत काम उरकायचं.

अस्तर जाळायचं तर

पूर्वकर्माचा दुसरा अध्याय थोडा वेगळा आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत मिल्टन गोल्डराथ यांनी पिशवी न काढता दुर्बिणीतून लेझरने फक्त आतलं अस्तर जाळून दाखवलं. मग विजेच्या तारेची कडी आली, फिरता गोळा आला. पण एक अडचण होती. पाळीच्या आधी अस्तर १० मिलिमीटरच्याही वर जाड होतं, आणि जाळ पोचतो पाच-सहा मिलिमीटर. मुळाचा थर उरला की पुन्हा फुटवा येतो, भाताच्या कापलेल्या चुडासारखा. मग उपाय एकच, जाळण्याआधी अस्तर पातळ करून घ्या. सुरुवातीला गोल्डराथ यांनी डॅनॅझॉल वापरलं. ते स्वस्त, पण पुरुषी हार्मोनच्या जातीचं. वजन वाढतं, लव येते, आवाज जाडा होतो, आणि आवाज कधीकधी परत येत नाही. मग जीएनआरएचची इंजेक्शनं आली. आमची गौरीवाली गोळीही काही डॉक्टर याच कामाला लावतात.

चाचण्यांतून दिसलं ते असं की, औषध दिल्यावर दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं, काम लवकर होतं, आणि पुढच्या वर्षभरात पाळी पूर्ण थांबलेल्या बायका जास्त असतात. पण वर्षं जातात तसा हा फरक पुसट होतो. पुढे गरम पाण्याच्या फुग्यासारखी नवी साधनं आली (अमेरिकेत १९९७), त्यांना एवढ्या तयारीची गरजच कमी लागते. एका पिढीचं महत्त्वाचं पाऊल पुढच्या पिढीत वगळलं जातं, हे आपल्या क्षेत्रातही रोज बघतो.

वेळ कोणाकडे आहे?

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रश्न सुटलाय. औषध आहे, हिशोब आहे, पुरावा आहे. पण या सगळ्याला लागते एक गोष्ट, वेळ. आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक! नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक दिवस चुकला की खाडा. फडात संडास नाही, पाणी नाही. अशा बाईला तीन महिने थांबा, दर महिन्याला इंजेक्शनला या, असं कोण सांगणार आणि ती कशी ऐकणार? तिच्या जगण्यातच पूर्वकर्माला जागा नाही. उरतं फक्त प्रधानकर्म, तेही कर्ज काढून.

आणि हे बीडपुरतं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच हा प्रश्न विचारला गेला. १५ ते ४९ वयातल्या ३.२ टक्के बायकांची पिशवी काढलेली होती, त्यातली दोन तृतीयांश ऑपरेशनं खाजगी दवाखान्यांत, आणि निम्म्याहून जास्त जणींनी कारण सांगितलं अति रक्तस्राव. त्यानंतरच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या याच वयोगटातल्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. हौद असा अर्ध्या घरांत अर्धाच आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. (इथेही तीन महिनेच, योगायोग बघा.)

आमच्या रायगडात ऊस नाही, पण दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, हायवे आहे. पण भट्टीवरच्या बाईचं कॅलेंडर यापैकी कशाशीच जुळत नाही. आत्याकडे थांबायला घर होतं, पैसे भरायला भाऊ होता आणि दुसरं मत घ्यायला गाडी होती. विज्ञान दोघींसाठी एकच आहे, फरक या तीन गोष्टींचा आहे.

आशेची बाजूही सांगतो. फिनलंडच्या टापानी लुक्कायनेन यांनी बनवलेली, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध थेंबाथेंबाने सोडणारी तांबीसारखी वस्तू १९९० पासून बाजारात आहे. एकदा बसवली की काही वर्षं अस्तर पातळ राहतं. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं 'सहेली'तलं ऑर्मेलोक्सिफेन आपल्याकडचे डॉक्टर रक्तस्रावासाठीही वापरतात, आणि ते स्वस्त आहे. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याने १९६२ मध्ये जगापुढे आणलेलं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पाळीच्या त्या चार-पाच दिवसांत रक्त कमी करतं. म्हणजे जे पूर्वी ऑपरेशनच्या आधीचं होतं, ते बऱ्याच जणींसाठी ऑपरेशनऐवजीचं ठरू शकतं. तयारी म्हणून सुरू केलं आणि तेवढ्यावरच भागलं.

सगळ्यांचं भागतं असं नाही. काहींना ऑपरेशन लागतंच, आणि कॅन्सरची शंका असेल तर थांबणं धोक्याचं. पण घरात कोणी "पिशवी काढायला सांगितलीय" म्हणाली तर एवढे तीन प्रश्न तिच्याबरोबर जाऊन विचारा. कारण नक्की कुठलं? हिमोग्लोबिन किती? आणि थांबता येईल का, आल्यास त्या काळात काय करायचं? उत्तर द्यायला डॉक्टरला पाच मिनिटं पुरतात. प्रश्न विचारायला मात्र सोबत कोणीतरी लागतं, आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे.